उंबऱ्याच्या आत

कुंभकोणम्, मंगळवार, मार्च १९८९

आज सरांनी माझ्या प्रबंधाचं प्रकरण परत दिलं. कादंबरीतली नायिका आईशी एक भाषा बोलते आणि बाहेर दुसरी, म्हणून तिचं मन दुभंगलेलं आहे, असं लिहा म्हणाले. मी नाही म्हटलं. आमच्या घरात सगळेच उंबऱ्यावर भाषा बदलतात, आत मराठी, बाहेर तमिळ. मग आम्ही सगळे आजारी का?

खरं दुखणं वेगळंच. तिरुप्पनंदाळचं स्थळ मी नाकारल्यापासून आई घरातही माझ्याशी तमिळच बोलते, दूधवाल्याशी बोलावं तशी. हे सरांच्या मनोविश्लेषणात कुठे बसतं?

प्रकरण बदलणार नाही.

मघाशी तिनं जेवायला हाक मारली, तीही तमिळमध्ये. मी मराठीतच म्हटलं, "येते, आई." तिनं मला उंबऱ्याबाहेर काढलं असेल. मी गेलेले नाही.