उरलेल्या चांदण्या

सौंसर,
१० जुलै १९८४

ती. दादांस,
रजनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. वहिनींचा गुडघा आता बरा असेल. मी ठीक आहे. हे गेल्यापासून बंद पडलेलं दुकान अखेर रिकामं करून दिलं. वह्या, पेन्सिली, शाईच्या बाटल्या शाळेजवळच्या दुकानदाराने उचलल्या. स्टिकरचे दोन खोके तेवढे त्याने नको म्हटले, ते घरी आणलेत.

यांनी ते नागपूरहून किती हौसेने आणले होते. फुलं, फुलपाखरं, पोपट आणि सगळ्यांत जास्त सोनेरी चांदण्या. पोरांना ते आवडलेही, पण फुकटात. तान्ह्या पोळ्याला जे पोर लाकडी बैल घेऊन दारी येई, त्याला हे बोजारा म्हणून पेढ्यासोबत एक स्टिकरही देत. आमच्या दारापुढे रांग लागायची. प्रभाकरभाऊंनी पोरं बिघडवून ठेवली, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या.

डब्यांवर चिकटवून झाले. तिखटाला पोपट, मिठाला चांदणी. पण एकटीच्या घरात डबे तरी किती असणार? थोडे तुम्हाला पाठवते आहे, काही उपयोग सुचला तर कळवा. फेकवत मात्र नाहीत.

संध्याकाळ फार मोठी जाते. दुकान बंद करून हे यायचे त्या वेळेला मी अजून दोघांच्या चहाचं आधण ठेवते. मग अर्धा चहा ओतून टाकते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.

तुमची
रजनी


पांढुर्णा,
२२ जुलै १९८४

चि. रजनीस,
मोरेश्वरचे अ. उ. आ.

तुझं पुडकं मिळालं. तुझ्या वहिनीने लगेच लोणच्याच्या बरण्यांवर हात चालवला. कोणतं चित्र कोणत्या लोणच्याचं हे फक्त तिलाच माहीत, त्यामुळे तिला विचारल्याशिवाय मला आता जेवताही येत नाही. मी दुकानाच्या किल्ल्यांना एकेक फूल लावलं. मुनीम दोन दिवस हसून राहिला होता, आता तोच गुलाबाची किल्ली द्या म्हणून मागतो.

आता मुद्द्याचं. किती दिवस अशी एकटी राहशील? आम्ही मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. दसरा झाला की जीप घेऊन येतो आणि सामान भरतो. घराला भाडेकरू मिळेल. सौंसरात आता तुझं कोण आहे, सांग बरं. रागाने विचारत नाही, इकडे जीव थाऱ्यावर राहत नाही म्हणून विचारतो.

होकार कळव. आम्हा दोघांचे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेत.

तुझा
दादा


सौंसर,
६ ऑगस्ट १९८४

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पत्राआधी पाकीट पाहिलं. माझ्या नावाच्या अलीकडे तुम्ही फुलपाखरू चिकटवलं होतं. मी ते वाफेवर धरून हळूच उचकटलं. खाली ‘सौ.’ होतं. हात सवयीने लिहून गेला असेल आणि मग खोडणं जिवावर आलं असेल. दादा, मी पोटभर रडले आणि फुलपाखरू पुन्हा होतं तिथेच लावलं. या स्टिकरांचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचला नव्हता.

सौंसरात माझं कोण, हे मीही स्वतःला विचारते. लोक वाईट नाहीत, उलट फार जपतात. यांचं वर्ष व्हायचं आहे, घरी सण नाही, म्हणून नागपंचमीला मला कोणी हाक मारली नाही. तान्ह्या पोळ्यालाही पोरं आमचं घर टाळून पुढे जातील. रीतच आहे, राग कोणावर धरू? पण यांच्या दारावरून बैल निघून जातील आणि आत मी बसलेली असेन, हे सोसवेल असं वाटत नाही. त्या दिवशी दार वाजलं नाही, तर तुमचं म्हणणं खरं समजेन आणि निघून येईन.

एक गंमत सांगायची राहिली. समोरच्या घरची वंदना सात वर्षांची आहे. तिच्या बैलाच्या डोळ्यांचा रंग उडाला होता, तर मी दोन चांदण्या लावून दिल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीतली झाडून सगळी पोरं आपापले बैल घेऊन हजर. सण अजून लागायचा होता, त्यामुळे येण्याला हरकत नव्हती. डोळ्यांना, कपाळाला, झुलीच्या काठाला, सगळीकडे चांदण्या. एक खोका संपला, दुसरा अर्ध्यावर आला.

माया आहे तशीच असू द्या.

तुमची
रजनी


पांढुर्णा,
१६ ऑगस्ट १९८४

चि. रजनीस,
अ. उ. आ.

पाकिटाचं तुला कळायला नको होतं. दुसरं पाकीट घेता आलं असतं, पण मन झालं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इथे गोटमार असते, नदीच्या दोन्ही काठांवरून दगड चालतात, घर सोडता येत नाही. नाहीतर मीच एक लाकडी बैल ओढत तुझ्या दारी आलो असतो आणि बोजारा घेतल्याशिवाय हललो नसतो. तुझी वहिनी म्हणते की या वयात ते शोभलं असतं का. मला वाटतं, शोभलं असतं.

जीप सांगून ठेवली आहे. जपून राहा.

तुझा
दादा


सौंसर,
२८ ऑगस्ट १९८४

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

काल तान्हा पोळा झाला. सकाळपासून दार लावून बसले होते. दुपारी घुंगरं वाजली, पोरांचा गलका दारापाशी आला, जरासा थांबला आणि पुढे गेला. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते. तुम्हाला या म्हणून कळवायला अंतर्देशीय काढून ठेवलं.

दिवेलागणीच्या आधी दार वाजलं. झालं असं, की मारुतीच्या पारावर पूजेसाठी सगळे बैल एका रांगेत मांडले, आणि पूजा झाल्यावर कोणता बैल कोणाचा हे कोणाला कळेना. सगळ्यांचे डोळे सोनेरी, सगळ्यांच्या कपाळी चांदणी. दोघं तर एका बैलावरून हातघाईवर आले. वंदना म्हणाली म्हणे, की काकूनं लावल्या, काकूलेच माहीत असन. बायकांनी अडवलं, की त्या घरी यंदा सण नाही, तिथे बैल न्यायचे नाहीत. तेव्हा जयवंताबाई, गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, त्या बोलल्या, की पोरं बोजारा मागाले नाही जाऊन राहिली, आपला बैल ओळखाले जाऊन राहिली, याले कोण सण म्हणते. झालं. अख्खी गल्ली माझ्या ओट्यावर.

कोणाच्या बैलाचा कान तुटका, कोणाचं चाक डगमगतं. चांदण्या लावताना सगळे माझ्या हातांखालून गेलेले. तुम्हाला म्हणून सांगते दादा, पहिल्या नजरेतच मला सगळे ओळखू आले होते. तरी मी एकेक उचलून उजेडाकडे धरत होते, हा नव्हे म्हणून खाली ठेवत होते, चष्मा पुसत होते. शेवटी कंदील आणावा लागला. पोरं मांडीला मांडी लावून बसून होती, एकानेही घाई केली नाही.

शेवटचा बैल दिला आणि सगळे गेले. मग घर असं सुनं झालं की आधी कधी झालं नव्हतं. चहाचं आधण पुन्हा दोघांचंच पडलं. जयवंताबाई अजून ओट्यावर होत्या, अर्धा चहा त्यांनी घेतला.

स्टिकर संपत आले. चांदण्यांचं एक पान तेवढं बाजूला ठेवलं आहे. दसऱ्याला या, वहिनींना घेऊन या, पण जीप नको. मागच्या खोलीत लोणच्याच्या बरण्या ठेवा. पुढच्या पोळ्यापर्यंत यांचं वर्ष झालेलं असेल, आमच्या घरी सण असेल. पोरं येतील तेव्हा दार उघडायला घरात कोणीतरी हवं.

माझ्यावर रागावू नका, आणि रागावलात तरी पत्र थांबवू नका.

तुमची
रजनी