यांच्याशिवाय इतर वारस नाही

धारूर

प्रिय बजरंग,

मी विमल, तुझी थोरली बहीण. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पत्र कुणाचं हे बघायला तू थेट शेवट वाचशील आणि मधलं सगळं राहून जाईल.

आपला बाप एक, आया दोन. माझी आई मला जन्म देताना गेली. आजोबांचं, म्हणजे आईच्या वडलांचं, आणि आपल्या बापाचं, सुंदररावांचं, तिथंच बिनसलं. आजोबांनी मला उचलून धारूरला आणलं आणि शेळ्यामेंढ्यांच्या मागं वाढवलं. बापाचं नाव काढलं की म्हणायचे, "त्यो आपल्यासाठी मेला." मला त्यातलं 'मेला' तेवढंच कळलं. बापाच्या गावी, सिरसाळ्यात, आपलं कुणी उरलं असेल, असं कधी मनातच आलं नाही.

परवा हयातीच्या दाखल्यासाठी शेजारच्या शिवकन्येच्या ऑनलाइन सेंटरवर गेले होते. गर्दी नव्हती. ती म्हणाली, "मावशी, जमिनीचे जुने फेरफार दिसायलेत आता, तुमचं माहेर बघू का?" बघितलं. आपले वडील शहाण्णव साली वारले, म्हणजे मी चौतीस वर्षांची होईपर्यंत एका एसटीच्या अंतरावर होते. खाली वारस लिहिलेले: पत्नी केसरबाई, मुलगा बजरंग. आणि पुढं, 'यांच्याशिवाय इतर वारस नाही.' जिवंत असल्याचा दाखला काढायला गेले आणि मी नाहीच असं वाचून आले. मला रडू आलं. भाऊ आहे म्हणून आलं की मी नाही म्हणून, हे काही शिवकन्येला सांगता आलं नाही.

तिनं खटपट करून तुझ्या रविराजचा नंबर मिळवला. तो म्हणाला, "आता कावून उगवली आत्या? हिस्सा पायजे का तिला?" पोराचा राग नाही रे. इतक्या वर्षांनी उगवलेला पाहुणा विहिरीवर नजर ठेवूनच येतो. म्हणून मला जमिनीतलं काही नको असं स्टॅम्प पेपरवर लिहून, नोटरी करून सोबत धाडलंय. ते त्याला आधी दाखव.

भाऊ नाही म्हणून दर भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळत आले. आभाळ भरलं की ताट घेऊन अंगणात उभी राहायचे आणि आमचे मालक हसायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. आता दोन-दोन दिवस कुणाशी बोलणं होत नाही. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, काळीज मोठं झालंय. म्हटलं, चला, उभ्या जन्मात कुणीतरी कौतुक केलं. ते हसले नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली छबुबाई गेली. माहेरचं लुगडं यायचं होतं म्हणून दुपारी चारपर्यंत तिला उचललं नाही. भाऊ घाम पुसत आला, त्यानं लुगडं अंगावर घातलं, मगच तिरडी हलली. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या वेळी कुणाची वाट बघायची, हे त्यांनाही माहीत नाही. शिवकन्येला सांगून ठेवलंय. तिचा फोन आला की एक लुगडं घेऊन ये, बजरंग. रंग कुठलाही चालेल. उशीर झाला तरी चालेल, मी थांबेन.

तुझीच,
आक्का