पूर्वीला मी एकटा सांभाळतो

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. माणूस काही मोठं करायला निघाला की त्याची नोंद राहिली पाहिजे. आमच्या अंजूर गावात ती दुसरं कोणी ठेवणार नाही. इथल्या लोकांना गोडाऊनचं भाडं आणि हळदीचं मटण सोडून काही लक्षात राहत नाही.

काल गावातल्या कुमारच्या हळदीत हितेश भेटला. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, अजून मागेच आहे. नुकताच बायकोला आणि दोन वर्षांच्या मुलाला घेऊन क्रूझवर जाऊन आला. म्हणे पोरगा चार दिवस रडला. म्हणे एवढ्या लहान पोराला घेऊन कोणी जहाजावर जाऊ नये. मी शांतपणे सांगितलं, पोर रडकं नसतं, आईबाप रडके असतात. मंडपातले सगळे बघायला लागले. मग मी जाहीर केलं की जानेवारीत मी माझ्या पूर्वीला नेतो, आणि पाच दिवस तिला एकटा सांभाळतो. माझी बायको मेघाली हातसुद्धा लावणार नाही.

हितेशने ते तिथेच गावच्या ग्रुपवर टाकलं. बरं झालं. माझं काम वाचलं.

२२ डिसेंबर, संध्याकाळी.
मेघालीला सांगितलं. मेथी निवडत होती. विचारते, "पूर्वीला कधी झोपवलंय का तुम्ही?" मी म्हटलं, झोपवणं ही कला नाही, अधिकार आहे. मालकाने सांगितलं की गोडाऊनमधली साठ माणसं हलतात, सव्वादोन वर्षांची पोरगी हलणार नाही? ती हसली. कौतुकाने हसली असावी.

५ जानेवारी, रविवार.
बुकिंग झालं. मुंबई, लक्षद्वीप, गोवा, परत मुंबई. आईलाही नेतोय आणि आबांनाही. नाहीतर उद्या गाव म्हणेल, देवेशने आईबापाला मागे ठेवलं.

आबांनी आयुष्यभर खाडीत होडी हाकली. आता जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली, ती मी बघतो, आणि आबा अजूनही भरती-ओहोटीच्या वेळा सांगत फिरतात. कोणीही विचारलेलं नसतं. त्यांना समजावलं, ही होडी नाही, अकरा मजली जहाज आहे, तिथे लुंगी नेसून फिरायचं नाही. म्हणाले, "पान्यावरच हाय ना?" अडाणीपणाला उत्तर नसतं.

पूर्वीचं वेळापत्रक तयार केलं. सातला दूध, आठला डेकवर चालणं, एकला झोप. भिवंडीतून लॅमिनेट करून आणलं. पूर्वीने एक कोपरा चावला. पण लॅमिनेट होतं, त्यामुळे काही झालं नाही. नियोजन म्हणजे हेच.

१३ जानेवारी, सोमवार. दुपारी, जहाजावर.
टर्मिनलवर पहिला अपमान. आईच्या बॅगेत मशीनला काहीतरी संशयास्पद दिसलं. उघडली तर सुके बोंबील. बाहेरचं खाणं चालत नाही, फक्त लहान मुलांचं चालतं, असं ऑफिसरने सांगितलं. आई म्हणाली, "पोरीचंच हाय." शेकडो माणसांसमोर. मी पूर्वीला उचलून दुसऱ्या रांगेत गेलो आणि ओळख दाखवली नाही. तर पूर्वीने "आजी, आजी" करून हॉल डोक्यावर घेतला. मुलीला प्रसंगाचं भान शिकवायला पाहिजे.

बोंबील ठेवून घेतले. आईचं तोंड उतरलंय. बोंबलांसाठी.

दोन केबिन आहेत. आम्हाला बाल्कनीवाली. आई-आबांना खालच्या मजल्यावर गोल खिडकीची. आबा आल्यापासून त्या खिडकीला डोळा लावून आहेत. जसं काही पाणी पहिल्यांदा पाहतायत.

१३ जानेवारी, संध्याकाळी पाच.
ग्रुपवर फोटो टाकला. मी, पूर्वी, मागे समुद्र. लिहिलं, "दिवस पहिला. एकदाही रडली नाही." फोटोपुरतं ते खरं आहे. नंतरचं रडणं वाऱ्यामुळे.

एकची झोप झाली नाही. पूर्वी झोपलीच नाही, मी झोपलो. तेवढ्यात मेघालीने तिला जेवू घातलं. नियमात बसत नाही, पण मी माफ केलं.

१४ जानेवारी, मंगळवार. दुपारी.
आज संक्रांत. आईला पूर्वीचं बोरन्हाण करायचं होतं. बोरं आणि कुरमुरे घरून आणलेले, तेही कालच जप्त झाले. मी म्हटलं, बरं झालं, इथे देशविदेशातले लोक असतात, त्यांच्यासमोर पोरीच्या डोक्यावर कुरमुरे ओतायचे नाहीत.

मी किड्स क्लबच्या रांगेत गेलो. तिथली मुलगी म्हणाली, तीन वर्षांच्या खाली आईबापाने सोबत बसावं लागतं. मी सांगितलं, पूर्वी तीनचीच आहे, चणीने लहान दिसते. तिने पासपोर्टची झेरॉक्स काढून समोर ठेवली. बिनकामाचे नियम. तिला मॅनेजर कोण ते विचारलं. मॅनेजर तीच होती.

परत येतो तर डेकवर गर्दी. आई मध्ये, पूर्वी खुर्चीत, आणि आई तिच्या डोक्यावर थिएटरबाहेरचा पॉपकॉर्न ओततेय. सुरतचे, इंदूरचे, कुठले कुठले लोक आपापली पोरं घेऊन रांगेत उभे. कॅप घातलेला एक ऑफिसर टाळ्या वाजवत होता. पूर्वी इतकी हसत होती की तिला उचकी लागली.

मी पोचलो तेव्हा पॉपकॉर्न संपला होता. मला पाहून पूर्वीची उचकी थांबली. म्हणजे माझा धाक आहे.

१५ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी.
लक्षद्वीप. जहाज लांब थांबतं, बेटावर छोट्या होडीने नेतात. होडी हलत होती. मी शक्ती वाचवण्यासाठी डोळे मिटून, डोकं गुडघ्यांत घालून बसलो. मळमळ वगैरे नव्हती. जे झालं ते सकाळच्या ऑम्लेटमुळे झालं, आणि ते समुद्रात झालं, कोणाच्या अंगावर नाही. एक सोडून.

त्या वेळेत पूर्वी आबांकडे होती हे खरं. पण माझ्या नजरेखाली होती, नजर मिटलेली असली तरी. आबा लुंगीवर होते. नावाडी मल्याळी बोलत होता, आबा अंजूरचं बोलत होते, आणि दोघांचं वाऱ्यावरून काहीतरी ठरत होतं. नावाड्याने त्यांच्याशी हात मिळवला. माझ्याशी नाही मिळवला, कारण माझे हात भरलेले होते.

आणखी एक तक्रार. मी पूर्वीला डेकवर घेऊन गेलो की आबा मागे येतात. दहा पावलांवर. मी थांबलो की थांबतात, समुद्राकडे बघतात. परवापासून हेच चाललंय. आज स्पष्ट सांगितलं, केबिनमध्ये बसा, एवढे पैसे भरलेत, आराम करा. "बरां," म्हणाले. दहा मिनिटांनी वळून पाहिलं तर पुन्हा मागे. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं काही काम नसलं की असं होतं.

ग्रुपवर लिहिलं, "दिवस तिसरा. मेघाली फुल आराम." हितेशने अंगठा दाखवला. जळतोय.

१६ जानेवारी, गुरुवार. दुपारी चार.
नीट लिहून ठेवतो. पुढे कोणी वेडंवाकडं सांगायला नको.

अकराच्या सुमारास पूलच्या डेकवर होतो. मेघाली केबिनमध्ये झोपली होती. शेजारच्या खुर्चीवर नाशिकचे एक गृहस्थ, त्यांचा नातू त्यांचा चष्मा ओढत होता. त्यांना सांभाळता येईना. मी त्यांना शिस्तीचं तत्त्व सांगितलं. ते म्हणाले, "एवढंसं लेकरू, त्याला काय कळतं?" मला दया आली. म्हटलं, दाखवतो. पूर्वीला जमिनीवर बसवलं, बोट दाखवून म्हटलं, बस, हलायचं नाही. आणि त्यांना सांगितलं, आता मी पाठ करून तीसपर्यंत मोजतो.

गृहस्थ म्हणाले, कशाला उगाच. मी मोजलं. पूर्ण तीस मोजलं. तेवढ्यात त्यांचा चष्मा खाली पडला आणि ते खुर्चीखाली वाकले.

वळलो तर पूर्वी नव्हती.

प्रथम मी खुर्च्यांखाली पाहिलं. मग पूलमध्ये पाहिलं. पूलच्या पाण्यात खूप पाय असतात, लहान मोठे, नीट दिसत नाही. कठड्याला काच आहे, पण एका ठिकाणी काचेच्या खाली फट आहे. ती फट मी हाताने मापली. वीतभर आहे. पूर्वीचं डोकं वीतभर आहे का, ते मला आठवेना.

लगेच कोणाला सांगितलं नाही. अनाउन्समेंट झाली असती तर सगळ्या जहाजाने नाव ऐकलं असतं. जहाजावर भिवंडीची अजून दोन कुटुंबं आहेत. म्हणून मी स्वतः शोधत होतो. दहा मिनिटं. फार तर बारा.

मग नाशिकच्या त्या गृहस्थांनीच स्टाफला बोलावलं. वॉकीटॉकीवाल्या मुलीने विचारलं, नाव, वय, अंगावर काय कपडे? मी म्हटलं, गुलाबी फ्रॉक. तेवढ्यात मेघाली धावत आली, कोणीतरी तिला फोन केला होता. ती म्हणाली, "पिवळा. पिवळा कुडता, पांढरी चड्डी, डाव्या गुडघ्यावर खरचटलंय." खरचटलेलं मला माहीत नव्हतं. कधी पडली ते कोणी मला सांगितलेलं नाही.

मुलीने पुन्हा वॉकीटॉकी तोंडाशी धरली आणि गुलाबीचं पिवळं केलं. म्हणजे तोवर सगळे गुलाबी शोधत होते.

मेघाली कठड्याकडे गेली आणि खाली बघत राहिली. मी तिच्याजवळ गेलो नाही. डेक हलत असावा.

पाचेक मिनिटांनी आईचा फोन, पोरगी आमच्या खोलीत हाय, दूध पितेय. आम्ही खाली धावलो. पूर्वी आबांच्या मांडीवर, गोल खिडकीला नाक लावून. आबा तिला सांगत होते की आता पाणी कुठल्या अंगाला चाललंय.

आबांना म्हटलं, तुम्ही न सांगता आणलीच कशी? तर म्हणाले, "तू बोट सोडलंस. ती उठली, चालाय लागली. मी व्हतो ना मागं. म्हटलं चालू दे तिला. जिन्यापाशी उचलली. तुला हाक मारली दोनदा. तू आकडं मोजत व्हतास."

मेघालीने विचारलं, "आबा, रोज मागे असता तुम्ही?"
"रोज," आबा म्हणाले. "पान्यावर पोराला एकट्याच्या हाती न्हाय देत."

मी म्हटलं, एकटं कुठे, मी होतो. आईने पूर्वीचं तोंड पुसलं.

थोडक्यात, मुलगी एक क्षणही असुरक्षित नव्हती. हे लक्षात घेतलं पाहिजे. आणि तीसपैकी निदान दहा आकडे तरी ती बसलेली असणार.

१७ जानेवारी, शुक्रवार. गोवा.
सगळे खाली उतरले. मी उतरलो नाही. मेघालीने सकाळी पूर्वीची बॅग भरली, आबांना म्हणाली, चला. मला विचारलं नाही. मी आराम करावा अशी तिची इच्छा दिसते, पाच दिवस दगदग झालीय.

किड्स क्लबवरून गेलो. मॅनेजर मुलीने विचारलं, बेबी कशी आहे? म्हटलं, उत्तम. या लोकांना दुसऱ्याच्या घरात फार रस.

ग्रुपवर काही टाकलं नाही. नेटवर्क होतं.

१८ जानेवारी, शनिवार. घरी.
गाडीत पूर्वी आबांच्या मांडीवर. मेघाली मागे, आईशेजारी. माझ्या शेजारच्या सीटवर बॅगा.

घरी येऊन ग्रुप उघडला. हितेशने विचारलंय, "काय देवेशशेठ, सांभाळली का एकट्याने?" लिहिलं, "हो." मग ते काढून टाकलं. काढून टाकल्याचं सगळ्यांना दिसतं, हे मला माहीत नव्हतं. त्यावर सतरा जणांनी हसून दाखवलंय. त्यांना दुसरा उद्योग नाही.

मेघालीशी बोलायचा प्रयत्न केला. म्हटलं, झालं ते झालं. ती म्हणाली, "तुम्ही बारा मिनिटं थांबलात." मी म्हटलं, दहा. ती कपडे वाळत घालायला गेली.

२० जानेवारी, सोमवार. दुपारी.
मेघाली आणि आई भिवंडीला गेल्या, साड्या घ्यायला. आबा पतपेढीत. मला गोडाऊनला जायचं होतं, पण मी मुद्दाम थांबलो. म्हटलं, दोन तास फक्त मी आणि पूर्वी. कोणी मागे नाही, कोणी पुढे नाही.

साडेनऊला ती उठली. घरभर फिरली. आईच्या खोलीत, आबांच्या खोलीत, न्हाणीत. मग सँडल घेऊन आली. मला वाटलं, घालून मागते. मी वाकलो. तिने पाय मागे घेतले आणि स्वतःच घातल्या. उजवी डाव्यात, डावी उजव्यात. मग दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, बाहेर तोंड करून.

मी म्हटलं, बस, हलायचं नाही. ती बसलेलीच होती.

मी आत खुर्चीवर बसलो. मग खाली बसलो. मग सरकत दारापर्यंत गेलो. बिस्कीट दिलं, तिने घेतलं आणि हातात धरून ठेवलं. रडली नाही. एकदाही रडली नाही. सव्वादोन वर्षांचं पोर सव्वा तास एका जागी बसलेलं मी पाहिलेलं नाही. हितेशचा पोरगा पाच मिनिटं बसत नाही.

अकरा वाजता रस्त्याच्या वळणावर आबा दिसले. तेव्हा ती उठली.