नायकाच्या वतीनं पडणारा

लॉस एंजेलिस,
नोव्हेंबर १९२५

प्रिय गुड्रुनताईस,

धाकट्या ओलाफचा साष्टांग नमस्कार (आडवं होणं हा हल्ली माझा धंदाच आहे). तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि नुकती व्यायलेली गाय कशी आहे ते कळव. माझं विचारशील तर डावा खांदा सोडून सगळं जागेवर आहे.

कॉलेजातल्या फुटबॉलवरच्या विनोदी चित्रपटात मी नायक आहे असं तू बाबांना सांगितलंस, आणि आता ते जन्मात पहिल्यांदा थेटरात जाणार म्हणतात! ताई, कुणी सांगितल्या होत्या गं नसत्या उठाठेवी? नायक दुसराच आहे. तो रडतो छान (रडू यावं म्हणून शेजारी एक म्हातारा व्हायोलिन वाजवतो, मुक्या चित्रपटात ते कुणाला ऐकू जाणार नाही, ही गोष्ट वेगळी). पण त्याला पडायचं नसतं. म्हणून तो धावायला लागला की कॅमेरा थांबतो, त्याची जर्सी मी चढवतो, चेंडू हातात घेऊन पळतो (इथला फुटबॉल असाच) आणि अकरा दांडगे अंगावर घेतो. तोंड मातीत राहिलं पाहिजे, एवढीच अभिनयाची अट.

शनिवारी तर कहर झाला. खऱ्या सामन्याच्या मध्यंतरात, खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रण होतं (गर्दी फुकटात मिळते ना!). दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडले, "ओलाफ, चेंडू निसटू दे आणि आडवा हो. एकदाच जमणार आहे हे, घोळ घालू नकोस!" पण चेंडू नेमका छातीवर आला आणि कॉलेजात खेळायचो तेव्हाची जुनी खोड उसळली. काखेत मारला आणि सुटलो. अकराजण माझ्यामागे, दिग्दर्शक त्यांच्यामागे. गोलाची रेषा ओलांडली तेव्हा अख्खं मैदान उभं होतं, टोप्या हवेत उडत होत्या. मला इतकं बरं वाटलं की तिथेच रडू आलं.

"गाढवा, तुला पडायला ठेवलाय की पळायला?" एवढंच दिग्दर्शक म्हणाले. पण फिल्म वाया घालवायची नाही हा इथला धर्म. माझी पाठ, लोकांचा जल्लोष आणि पुढे नायकाचा हसरा चेहरा, असं जोडून चित्रपटाचा शेवट केला. माझं पडणं सोमवारी रिकाम्या मैदानात पुन्हा घेतलं. खांदा तेव्हाचा. दमलोय गं आता.

तुझा,
ओलाफ

ता. क. : रस्ता बर्फानं बंद झालाय म्हण, काहीही सांग, पण बाबांना जाऊ देऊ नकोस. मी घर सोडलं तेव्हा ते म्हणाले होते, "तुझं तोंड बघायला कोण येणार?" चित्रपटात माझं तोंड खरंच कुठे नाही.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवताना वाटलं, जाऊ दे त्यांना. तू शेजारी बस, आणि पडद्याकडे नको, त्यांच्याकडे बघ. नायक पडला की लोक पोट धरून हसतात, आणि पडणारा दरवेळी मीच आहे. मी बाबांना आजवर एकदाही हसवलेलं नाही. हसले तर तेवढं कळव. तो मी होतो हे मात्र त्यांना सांगू नकोस.