उरलेली आमटी

रविवार, ८ सप्टेंबर, संध्याकाळ

जग बुडाल्यानंतरची ती मालिका आज संपली. आठ भाग फुकट गेले. जग बुडालं की माणसं दारं लावून अन्नाचे डबे लपवतात म्हणे, आणि शेजारी आला की बंदूक रोखतात. कुणी कुणाला घासभर दिलं नाही.

"आजी, तेव्हा माणसं अशीच वागणार ना," नात सायली म्हणाली. मला राग आला. तिचा की मालिकेचा?

संपात ह्यांची गिरणी बंद पडली, तेव्हा डिलाईल रोडवर आमचंही जग बुडालंच होतं. शेजारच्या तांबेवहिनी रोज पातेलं आणून आपटायच्या. "आमटी उरलीय. टाकून देऊ का?" रोज उरायची, आणि बरोबर आम्हा पाच जणांपुरती. मी बी.ए. झालेली, ताठ. दिलेली घेतली नसती, हे त्यांना ठाऊक होतं. उरलेली म्हणून घेतली. त्यांच्या ताटात काय उरायचं, ते मी कधी विचारलं नाही.

सायलीला हे सांगितलंच नाही. मग ती मालिकेचंच खरं मानणार.

उद्या तिला घेऊन वहिनींकडे जाते. त्यांच्यासमोरच सांगणार. "काहीतरीच काय!" म्हणून त्या उडवून लावतील. लावू देत. पूर्ण सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.