सुभेदारांची गोळी सुटली

मुक्काम कुंडल,
शुक्रवार, ता. १३ डिसेंबर १९४६

पलटणीतले आमचे जिवाभावाचे नाईक, पाटणचे ज्योतिबा, यांस सुभेदार मानसिंग (हल्ली पेन्शनर) यांचा कडक रामराम. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुझी, हरणावहिनींची आणि त्या लंगडणाऱ्या म्हशीची खुशाली कळवावी. (म्हशीचं मुद्दाम विचारतो, कारण मागच्या कार्डात तिच्याबद्दल सहा ओळी होत्या आणि माझ्या तब्येतीबद्दल एकही नव्हती. राग नाही, पण मोजल्या मात्र.)

तुझं कार्ड काल पोचलं. तू लिहितोस की, सुभेदारसाहेबांनी जूनमध्ये झोपेच्या गोळ्यांचा डबा विहिरीत फेकला आणि ते मोकळे झाले, तसा मीही माझा डबा येत्या सोमवारी कोयनेत फेकणार. गड्या, तो डबा फेकू नकोस. हा हुकूम समज आणि पुढचं सगळं वाच. आपण दोघं जखमी होऊन एकाच वॉर्डात शेजारी शेजारी पडलो होतो, एकाच मेजरसाहेबांनी दोघांना त्या गोळ्या लिहून दिल्या आणि तेव्हापासून दोन वर्षं आपण त्या न चुकता गिळत आलो. तेव्हा या विषयातली माझी अक्कल तुझ्याइतकीच. फरक एवढाच की ही लढाई मी आधी लढलो आणि (सांगायला छाती फुगते) जिंकलो. शेवटची गोळी घेतली त्याला आज चोवीस दिवस झाले. पण ती विहिरीत फेकून सुटली नाही. कशी सुटली ते सांगतो.

जूनमध्ये मी डबा फेकला हे खरं. नुसता फेकला नाही, गावातली पंधरावीस माणसं बोलावून, छातीवर बिल्ले लावून फेकला. फेकण्यापूर्वी चार शब्द बोललो. आमच्या घराण्यात माघार हा शब्द कुणाला ठाऊक नाही, असंही त्यात आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच संध्याकाळी मी तुला ते पत्र लिहिलं, जे तू ट्रंकेत जपून ठेवलंयस म्हणतोस. ते आजच्या आज चुलीत घाल. कारण पत्र पेटीत पडलं आणि माझे हाल सुरू झाले. डोळ्याला डोळा लागेना. दुसऱ्या दिवशी हात असे कापायला लागले की चहा पोटात कमी आणि धोतरावर जास्त. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मला आपले कर्नलसाहेब आमच्या उसाच्या बांधावर खुर्ची टाकून बसलेले दिसले. मी खाडकन सलाम ठोकला. (आमचा धाकटा भाऊ हरिबा औत थांबवून बघतच राहिला. त्याला तिथं एक बाभूळ दिसत होती.) सलामाचा हात खाली यायच्या आत मी आडवा झालो आणि आकडी आली. जीभ चावली, तोंडातून रक्त आलं. मला त्यातलं काही आठवत नाही. हरिबाला आठवतं, आणि सांगताना अजून त्याचा आवाज फुटतो.

त्यानं आणि आमच्या कारभारणीनं, रंगूबाईनं, मला बैलगाडीत घालून स्टेशनावर आणि तिथून सांगलीला डॉक्टर अजितकुमार मगदूम यांच्याकडं नेलं. डॉक्टर म्हणजे वयानं आमच्या थोरल्या पोराएवढे, जाड चष्मा, आणि बोलणं इतकं हळू की भांडणसुद्धा समजूत काढल्यासारखं वाटावं. त्यांनी सांगितलं की ही गोळी शरीरात ठाण मांडून बसली आहे, एकदम काढली तर जीव जाऊ शकतो, तुमचा राहिला हे नशीब. आता ती पुन्हा सुरू करायची आणि मग पावलापावलानं मागं घ्यायची. 'मागं' हा शब्द ऐकताच मी खाटेवर उठून बसलो आणि आमच्या घराण्याचं सांगू लागलो. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "सुभेदार, पलटण एखादं ठाणं सोडते तेव्हा सगळे शिपाई एकदम उठून पळतात का हो?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारायला नको होता. मी त्यांच्याच टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या घेऊन अर्धा तास त्यांना दाखवलं की आधी एक तुकडी निघते, बाकीच्या तिची पाठ राखतात, ती नीट बसली की मग दुसरी निघते, आणि जो अंमलदार सगळ्यांना एकदम उठवतो त्याचं कोर्ट मार्शल होतं. (बाहेर सात रोगी खोळंबले होते. त्यातले दोन दारात येऊन ऐकत होते.) डॉक्टर म्हणाले, मग तसंच करू, दोन गोळ्यांवरून पावणेदोन, पंधरा दिवसांनी दीड, असं उतरत यायचं. मध्ये कुठं थरकाप किंवा घाम वाढला तर तिथंच मुक्काम करायचा आणि मला येऊन दाखवायचं. दिवस कलल्यावर चहा नाही, दुपारचं लवंडणं नाही, रोज तीन मैल चालणं, आणि दारूचा तर वाससुद्धा नाही. आता मला सांग, ज्योतिबा, हा इलाज मूळचा कुणाचा? डॉक्टर सज्जन आहेत, पण मान ज्याचा त्याला मिळाला पाहिजे.

गोळीचा पाव करायचं काम रंगूबाईकडं आलं. तिनं जन्मभर सुपारी कातरली, अडकित्त्याशी तिचा हात बसलेला. एक गोळी घेऊन कट्‌ कट्‌ केलं की चार पाव, सोनारानं बघावं असे सारखे. गोळ्या राहायच्या तिच्या पान-सुपारीच्या चंचीत आणि चंची कमरेला. ऑगस्टात मी एकदा ठरल्यापेक्षा अर्धी जास्त मागितली, तर म्हणाली, "आवं, पलटणीत रॅशन दोनदा मागत हुता का? मग हितं कशाला मागताय?" उलट एकदा मला वाटलं, आपल्यासारख्याला एवढं हळू चालणं शोभत नाही, आणि तिला न सांगता मी दोन पंधरवड्यांची मजल एकदम मारली. गोळीचा तुकडा तोंडात टाकल्यासारखं करून धोतराच्या सोग्यात लपवायचो. चौथ्या सकाळी दाढी करताना वस्तरा थरथरला आणि डावी मिशी गेली. एका मिशीनं हिंडता येत नाही म्हणून उजवीही काढावी लागली. डॉक्टरांनी मला परत मागच्या मुक्कामावर नेऊन बसवलं आणि मिशीबद्दल चकार शब्द काढला नाही. (म्हणून मी त्यांना सज्जन म्हणतो.)

नोव्हेंबरात शेवटचा पाव संपला. दहा दिवसांनी सांगलीला गेलो, डॉक्टरांनी नाडी पाहिली, हात पुढं करायला लावले. हात काठीसारखे स्थिर. म्हणाले, सुभेदार, सुटली गोळी. मी आनंदानं बाहेर पडलो तर गूळ बाजारात कुपवाडचे व्यापारी सुकुमारशेठ भेटले. आमची लेक बनुबाई कुपवाडात दिलेली, शेजारच्याच घरात. मी त्यांना म्हणालो, घरी गेल्यावर बनूला तेवढं सांगा, तुझ्या बापाची गोळी सुटली. सुकुमारशेठ शब्दाचे पक्के. त्यांनी शब्दाला शब्द निरोप दिला. आता पेन्शनर सुभेदार, घरात परवान्याची बंदूक, आणि निरोप काय तर गोळी सुटली! तिकडं काय कल्लोळ झाला असेल तो तूच समज.

त्या रात्री मी घरी जेवून जो पडलो तो दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्या आपण झोपलो. ऊन अंगणात आलं तरी उठलो नाही. झोपमोड होऊ नये म्हणून रंगूबाई दारात बसलेली, आणि जो येईल त्याला तोंडावर पदर धरून हातानं गप्प करत होती. अशात पहिल्या गाडीनं कुपवाडची मंडळी आली. पाहतात तो दारात बाई मुकी बसलेली, आत मी पायापासून डोक्यापर्यंत घोंगडी ओढलेला. विहीणबाई मनुबाईंनी उंबऱ्यातच हंबरडा फोडला. मला जाग आली, पण त्या माझे गुण एकेक करून सांगत होत्या, आणि ज्योतिबा, खोटं कशाला बोलू, असं कौतुक जिवंतपणी कुणी केलं नव्हतं. मी पडून ऐकत राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "मिशी गेली तवाच मी म्हनलं हुतं, ह्या मानसाचं आता काय खरं न्हाई!" तेव्हा मात्र राहवलं नाही. घोंगडी फेकली आणि ओरडलो, "वाढतीया की मिशी!" व्याही मागच्या मागं दुरडीत बसले. दुरडीत दुखवट्याच्या घरी आणतात तशी पिठलं-भाकरी होती. बनू गळ्यात पडून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. पिठलं आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. आपल्याच नावाचा कडू घास मांडी घालून खाणारा कुंडलात मी पहिलाच, आणि दुसऱ्यांदा वाढूनही घेतला.

हरणावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे.

तुझा सुभेदार,
मानसिंग

ता. क. : वरचं पत्र रंगूबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सगळं बरोबर हाय, तेवढं रडलेलं ऱ्हायलं. तर लिहितो. ऑगस्टात तिनं जास्तीची गोळी दिली नाही तेव्हा मी तिच्यापुढं लहान पोरासारखा रडलो. ती चंची आवळून माझा हात धरून बसली आणि सकाळी कुणाला काही बोलली नाही. लढाई मी लढलो असं वर लिहिलंय. अंमलदार कोण होतं ते इथं लिहिलं.

दुसरं ता. क. : जूनमधलं पत्र खोटं ठरलं हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. सहा महिने तुला कळवलं नाही. आज कळवू, उद्या कळवू, करत राहिलो, कारण तुझ्यापुढं पडलेलं दिसायचं नव्हतं. काल तुझं कार्ड वाचलं आणि आज लिहायला बसलो. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या फुशारकीनं झालं असतं. मला माफ कर.

तिसरं ता. क. (पेन्सिलीनं, पाटणच्या मोटार स्टँडवर, रविवार) : टपाल सोमवारच्या आत पोचेल याचा भरवसा वाटेना, म्हणून पत्र घेऊन मी आणि रंगूबाई स्वतःच आलो. एवढं सगळं तोंडानं सांगायला मला जमलं नसतं. तेव्हा तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्यासमोर बसून उगाच छपराकडं बघत असेन. वाचून झालं की काही बोलू नकोस. डबा आणून रंगूबाईच्या हातात दे. उद्या सकाळच्या मोटारीनं आपण सगळे सांगलीला निघू. आणि आज रात्रीची गोळी घ्यायला विसरू नकोस.