शुक्रवारच्या पिशव्या

४ मार्च, शुक्रवार

पिशव्या गेल्या! पाव, केळी, भाजलेले शेंगदाणे, उकडलेली अंडी. मधल्या सुट्टीत मुलं मैदानावर असताना मी आणि शाळेतली स्वयंपाकाची मावशी चोरासारख्या वर्गात शिरतो आणि ज्यांच्या घरी खायची चणचण आहे त्यांच्या दप्तरांत पिशव्या कोंबतो. बाकीच्या मुलांना कळायला नको. "बाई, आपण देतोय की पळवतोय?" — मावशी. मला हसू आवरेना.

दोन दिवस सुट्टी म्हणजे दोन दिवस शाळेतलं जेवण नाही. सोमवारी ही मुलं कशी जेवतात ते बघवत नाही. मान वर करत नाहीत.

मोठ्या बाईंची परवानगी आहे, पण तोंडी. "काही झालं तर तुमचं तुम्ही निस्तरा." बरं.

७ मार्च, सोमवार

भिंगरी आली नाही. एक मिनिट जागेवर बसत नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. पोरगी कधी खाडा करत नाही.

८ मार्च, मंगळवार

आजही नाही. तिच्या शेजारची मुलगी म्हणाली, "तिला दवाखान्यात ठेवलंय, बाई. उलट्या थांबत नाहीत."

अंडी! शुक्रवारी केवढं उकडत होतं!

मावशीला विचारलं तर ती भडकली. "माझ्या हातचं खाऊन आजवर कोण आजारी पडलंय?" बाकीची मुलं ठणठणीत आहेत. पण एक मूल पुरे की!

घरी ह्यांना सांगितलं. "कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी?" खरंच, कुणी सांगितल्या होत्या?

९ मार्च, बुधवार

मोठ्या बाईंना सांगून टाकलं. "पिशव्या बंद. आजपासून."

शाळा सुटल्यावर दवाखान्यात गेले. भिंगरी एवढीशी दिसत होती, हाताला सलाईन. उशाशी तिची आई. मी दारातच अडखळले. ही आता सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढणार. काढू दे.

ती उठून जवळ आली. "अंडं तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं, बाई. मी म्हणायचे, मी कामावर जेवून आले, तू खा. ती म्हणायची, माझं पोट भरलंय. दोघी खोटं बोलत होतो." मग पोरीकडे वळून — "रविवारी रात्री मीच ओरडले, तेव्हा खाल्लं तिनं. वास घेऊन तरी बघायचा ना मी!"

ती रडली नाही. मीच रडले, मूर्खासारखी!

भिंगरीनं डोळे उघडले. "बाई, माझी गैरहजेरी लावली?"

"नाही गं."

(लावली आहे.)

११ मार्च, शुक्रवार

पिशव्या नाहीत. शाळा सुटताना एका मुलीनं दप्तर उघडून पाहिलं. मग तळापर्यंत हात घातला. मी उगाच फळा पुसत राहिले.

१४ मार्च, सोमवार

सकाळी प्रार्थनेला दुसरीतली एक मुलगी कोसळली. नेमकी मोठ्या बाईंच्या पुढ्यात. त्यांनीच उचलली. "काल काय खाल्लंस, बाळ?" तिनं नुसती नकाराची मान हलवली. "परवा?" पुन्हा तेच.

दुपारी मला बोलावणं. वाटलं, गेली नोकरी.

"अंडी नकोत," मोठ्या बाई म्हणाल्या. "टिकेल असं द्या. आणि घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढं. लपवाछपवी बंद. फाटकाशी टेबल लावू, हवं त्यानं न्यावं. कुणाला काही विचारायचं नाही."

"आणि पुन्हा कुणी आजारी पडलं तर?"

"मी असेन ना तिथे."

सुटले म्हणावं तर तेही नाही. उघड्यावर मुलं लाजतील. कुणी आलंच नाही तर?

१७ मार्च, गुरुवार

भिंगरी आली! पहिल्याच तासाला तीनदा बाकावरून पडली.

१८ मार्च, शुक्रवार

आली की सगळी! मुलांचं नेऊन झालं, मी टेबल पुसायला घेतलं. समोर इस्त्रीच्या शर्टातले एक आजोबा. विचारायचं नाही असं ठरलं होतं, तरी तोंडातून निसटलंच — "नातवंड कुठल्या वर्गात?"

"नातवंड नाही," ते खाली बघून म्हणाले. "मीच आहे."

त्यांच्या मागे आणखी माणसं उभी होती. एकाच्याही हाताशी मूल नव्हतं.